कुणाचा चाळा, कुणाचे चाळे

मराठीत ‘चाळा’ हा शब्द एकवचनात निरुपद्रवी आहे. हात रिकामा राहत नाही म्हणून माणूस जे काही करीत राहतो, तो चाळा. कुणी पदराचे टोक बोटाला गुंडाळते, कुणी काडेपेटी टेबलावर उभी-आडवी करीत बसतो, कुणी सुपारी संपली तरी अडकित्त्याचा चाळा सोडत नाही. मशिदीच्या ओट्यावर टेकलेल्या एखाद्या बुजुर्गाच्या बोटांतून तस्बीह फिरत असते. जिक्र संपून गप्पा सुरू झाल्या तरी मणी सरकत राहतात. याच शब्दाचे अनेकवचन केले की मात्र अर्थ पालटतो. ‘चाळे’ म्हटले की त्यात आरोप येतो, संशय येतो. हात तोच, हालचाल तीच. पाहणाऱ्याचे मन बदलले की एकवचनाचे अनेकवचन होते.

हा फरक सर्वांत ठळकपणे ज्या वस्तूच्या वाट्याला आला ती म्हणजे घडीचा चाकू, आणि त्यातही आपल्याकडे ज्याला खटक्याचा चाकू म्हणतात तो. खिशातून काढायचा, उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. या एवढ्याशा सवयीवर गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळ्या देशांनी कायदे केले, सिनेमावाल्यांनी खलनायक उभे केले आणि एका अख्ख्या शहराच्या नावाला धार लावून ठेवली. ते शहर रामपूर. मुस्लीम वाचकांना या इतिहासाकडे परक्यासारखे पाहता येणार नाही, कारण त्यात घडवणारे हात बहुतांशी आपले होते आणि बोल लागला तोही आपल्यालाच.

सुरुवात मात्र गुंडापासून करून चालणार नाही. ती लेखकापासून करावी लागते.

अरबी, फारसी आणि उर्दूच्या दुनियेत प्रत्येक कातिबाजवळ, प्रत्येक मुन्शीजवळ एक छोटे पाते असे. त्याचे नाव कलमतराश. बोरूची लेखणी लिहिता लिहिता झिजते, तिचे टोक बोथट होते, मग अक्षराची जाडी बिघडते. कातिब मधूनच थांबतो, कलम तासतो, हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर टोक ठेवून त्याला तिरका छेद देतो आणि पुन्हा लिहू लागतो. हा छेद किती तिरका द्यायचा यावर नस्तालीकचे किंवा नस्खचे वळण ठरते. म्हणून खुशनवीस शागिर्दाला अक्षराआधी कलम तासायला शिकवले जाई. तुर्कस्तानात उस्मानी काळात कलमतराश बनवणाऱ्या कारागिरांचा वेगळा पेशा होता आणि ते आपल्या पात्यांवर स्वतःचे नाव कोरीत. इंग्रजीतल्या ‘पेननाइफ’ या शब्दाचा जन्मही याच कामातून झाला : पिसाची लेखणी तासण्याचा चाकू. आपल्या महाराष्ट्रातही टाक आणि फाउंटन पेन येण्यापूर्वी कारकुनाजवळ, पंतोजीजवळ बोरू तासायला चाकू असे.

कलमतराश बहुधा घडीचा नसे. त्याला लांब दांडा आणि लहान स्थिर पाते असे. पण ते पाते खिशात घालून हिंडायचे तर मिटणारे हवे, ही गरज जुनीच आहे. घडीचे चाकू रोमन काळातही होते. लिहिणारा, फळ कापणारा, दोर तोडणारा, तंबाखू चिरणारा अशा सगळ्यांच्या खिशात जाऊन बसलेली ही वस्तू. आणि खिशात जे बसते त्याच्याशी हात खेळतोच. लेखणीची वाट पाहताना कलमतराश बोटांत फिरवणारा कातिब आणि ओट्यावर बसून चाकू उघडझाप करणारा पोरगा यांच्या हातांत मुळात फारसे अंतर नाही.

आता रामपूरकडे वळू.

१७७४ मध्ये रोहिला युद्धात अवधचे नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या फौजांनी रोहिल्यांचा पराभव केला. हाफिज रहमत खान रणांगणावर मारले गेले. तहात फैजुल्ला खान यांच्या वाट्याला रामपूरचा मुलूख आला आणि मुस्तफाबाद उर्फ रामपूर हे संस्थान उभे राहिले. पराभवातून वाचलेल्या पठाणांचे हे शहर. त्यांच्याबरोबर तलवारी, खंजीर, ढाली घडवणारे, पाजवणारे, मुठी बसवणारे कारागीरही तिथे स्थिरावले. पण याच फैजुल्ला खानांनी ग्रंथ जमवायलाही सुरुवात केली. तो संग्रह पुढे रझा लायब्ररी म्हणून जगाला माहीत झाला. अरबी, फारसी, संस्कृत, हिंदी, उर्दू, तुर्की, पश्तो अशा भाषांतली सुमारे १७ हजार हस्तलिखिते तिथे आहेत. १९७५ मध्ये संसदेने कायदा करून ही लायब्ररी केंद्र सरकारच्या अखत्यारीत घेतली. मिर्झा गालिब यांना १८५९ पासून रामपूरच्या नवाबांकडून दरमहा १०० रुपये मिळत. नवाब युसुफ अली खान त्यांचे शागीर्द होते. पुढे याच लायब्ररीचे ग्रंथपाल इम्तियाज अली अर्शी यांनी गालिबच्या दीवानाची साक्षेपी आवृत्ती १९५८ मध्ये सिद्ध केली.

महाराष्ट्राचे रामपूरशी नाते आहे तेही सुरांचे. वाळकेश्वरला जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे हिंदुस्थानी संगीताच्या चिजा गोळा करीत देशभर हिंडले, तेव्हा रामपूरला जाऊन बीनकार वजीर खान यांचे शागीर्द झाले. मौलाना मुहम्मद अली जौहर १८७८ मध्ये याच शहरात जन्मले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मौलाना अबुल कलाम आझाद रामपूरहूनच लोकसभेवर गेले. ग्रंथ, गालिब, गाणे, जौहर, आझाद असे सगळे एका शहरात असूनही मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाला ‘रामपुरी’ हा शब्द ऐकवा, त्याला चाकूच आठवेल. हे कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

मुहम्मद अली जन्मले त्याच १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले, दुसऱ्याने हिंदुस्थानी माणसाच्या हातातले हत्यार काढून घेतले. शस्त्रांच्या कायद्याने परवान्याची सक्ती केली. त्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाल्यांची पाती, धनुष्यबाण यांची नावे होती. घडीच्या चाकूचे नाव त्या यादीत नव्हते. पूर्वी तलवार कमरेला लटकत असे आणि चारचौघांना दिसे. मिटवून खिशात ठेवायची वस्तू कुणाला दिसत नाही. बंदूक आल्यावर तलवारीची मागणी घटली आणि जुन्या शस्त्रकारांचे वारस चाकूंकडे वळले, असे रामपुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यांनी या चाकूला नऊ-दहा इंची पाते दिले, टोकाकडे निमुळती वळणदार धार दिली, पितळेची किंवा लाकडाची नक्षीदार मूठ दिली. तलवारीचे कसब त्यांनी विताएवढ्या लांबीत आणून बसवले.

आणि खटका दिला. या खटक्याचे यंत्र समजून घेतल्याखेरीज चाळ्याचे मर्म कळत नाही. पाते मिटवले की मुठीतली कमान दाबली जाते आणि दबलेल्या स्थितीत अडकून राहते. खटका दाबला की अडसर पात्याच्या खाचेतून सुटतो आणि साठलेली सगळी ताकद एका क्षणात पात्याला बाहेर फेकते. कट्‌ असा आवाज होतो. अंगठ्याचे किंचित श्रम आणि केवढा तरी परिणाम. मिटवताना मात्र यंत्र मदत करीत नाही. पुन्हा खटका दाबून, कमानीच्या विरुद्ध जोर लावून, बोटे धारेपासून दूर ठेवीत पाते हाताने आत ढकलावे लागते. म्हणजे उघडणे आवाजाचे आणि मिटवणे जपणुकीचे. याच दोन टोकांमुळे हाताला त्याची गोडी लागते. अडकित्त्याला, काडेपेटीला, पुढे बॉलपेनच्या टोकाच्या बटणालाही हीच गोडी आहे. फक्त तिथे बोट कापत नाही.

आवाजाची ही ओढ रामपूरपुरती नाही. स्पेनमधल्या ‘नावाहा’ नावाच्या घडीच्या चाकूला करकरणारी दातेरी अडणी बसवीत. पाते उलगडताना ती एकेका दात्यावर आवाज करीत जाई आणि समोरच्याच्या कानाला आधीच कळे की चाकू उघडतो आहे. या चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या अल्बासेते शहराचे नाव अरबी ‘अल-बसीत’ म्हणजे सपाट मैदान यावरून आले. अंदलुसच्या मुस्लीम काळाची ती खूण. पूर्वेला फिलिपीन्समध्ये बातांगास प्रांतात ‘बालिसोंग’ नावाचा चाकू बनतो. त्याच्या मुठीचे दोन भाग असतात. मनगटाच्या झटक्याने ते फुलपाखराच्या पंखांसारखे उघडतात आणि मिटतात. तिथे या उघडझापेचेच कसब झाले, पोरे तासन्‌तास ती करीत बसतात. तीन मुलखांत तीन निराळी यंत्रे, आणि हाताची खोड एकच.

आपल्या दीनमध्ये या खोडीची दखल घेतलेली आहे, हे इथे सांगितले पाहिजे. बाजारातून किंवा मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कुणाला ओरखडा येणार नाही, अशी शिकवण हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हातात देऊ नये, असेही आहे. आणि आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये, थट्टेतही नको. न जाणो, सैतान हात हलवील. त्या समाजात प्रत्येकाजवळ हत्यार होते. हत्यार बाळगणाराच दोषी, असे तिथे मानलेले नाही. सांभाळायला सांगितले आहे ते हाताला. शेजारच्या माणसाला इजा होऊ नये आणि तो घाबरूही नये, एवढाच त्याचा आशय. ओट्यावर चाकू उघडझाप करणाऱ्या पोराला घरातले वडीलधारे ‘छुरी मिटव’ म्हणून दटावतात, तेव्हा ते नकळत हाच अदब सांगत असतात.

विसाव्या शतकातल्या सरकारांनी मात्र हाताऐवजी पाते मोजायला घेतले. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. नोव्हेंबर १९५० मध्ये ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या गृहिणींच्या मासिकात जॅक हॅरिसन पोलॅक यांचा लेख आला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, ‘जीव घेणारे खेळणे’. खेळणे हा शब्द ध्यानात घ्यावा. खटक्याचा चाकू मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतली पोरे खेळवतात आणि त्यातून खून होतात, असे चित्र लोकांसमोर उभे राहिले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा चाकूंवर बंदी आणली. १९५५ च्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या चित्रपटात जेम्स डीन चाकूच्या झुंजीत उतरला. १९५७ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ रंगभूमीवर आले आणि त्यात न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोहून आलेल्या मुलांच्या आणि गोऱ्या मुलांच्या टोळ्यांत चाकू चालले. १९५८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने खटक्याच्या चाकूंचा राज्याराज्यांमधला व्यापार बंद केला. १९५९ मध्ये ब्रिटनने त्यांची निर्मिती आणि विक्री बंद केली. चाकूने माणसे मरत होती हे खोटे नाही. पण स्वयंपाकघरातली सुरीही तेवढाच खोल घाव घालते. बंदी आली ती आवाज करीत उघडणाऱ्या पात्यावर, आणि ते ज्या वस्त्यांतल्या पोरांच्या हातात दिसत होते त्या वस्त्यांबद्दलच्या भयाचाही तीत वाटा होता.

त्याच १९५९ मध्ये भारताने लिटनचा कायदा रद्द करून स्वतःचा शस्त्र कायदा केला. १९६२ च्या नियमांत धारदार शस्त्रांची व्याख्या आली : ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतील, मात्र घरकाम, शेती, शास्त्रीय काम किंवा उद्योग यांसाठी बनलेली पाती वगळावीत. नियम करणाऱ्यांनी उपयोगाचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. पुढे माप आखडत गेले. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या चाकूसाठी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे अवघ्या ३ इंचांची मर्यादा घातली. ‘बटनदार चाकू’ हा शब्द तिथल्या पोलिसी कागदपत्रांत इतका रुळला की शेकडो खटल्यांत तो एकाच साच्यात आढळतो : संशयावरून हटकले, झडती घेतली, उजव्या खिशातून बटनदार चाकू निघाला. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत ते छापून येतात. तलवारी, भाले, सुरे, काठ्या अशी त्यांत यादी असते. आपल्या मोहल्ल्यांत ती यादी बारकाईने वाचली जाते, कारण बकरी ईदला कसायाला आपल्या सुऱ्या पिशवीत घालून घरोघर जायचे असते.

कायद्याने पात्याची लांबी मोजली, तर सिनेमाने चाकूला नाव आणि गाव दिले. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत साठ-सत्तरच्या दशकांत खलनायकाच्या हाती पिस्तूल असे, पण त्याच्या पंटराच्या हाती रामपुरी. यश चोप्रांच्या ‘वक्त’ (१९६५) मधला प्रसंग आजही लोक नकला करून दाखवतात. मदन पुरी चाकू काढतो. राजकुमार मुळीच न डगमगता, ही पोरांनी खेळायची वस्तू नाही, हाताला लागेल, अशा अर्थाचे आपल्या खास ढंगात सुनावतो. पोलॅकच्या लेखातले खेळणे इथे पंधरा वर्षांनी हिंदी संवादात आले. गंमत अशी की त्या संवादाने चाकूची भीती घालवली आणि त्याची ऐटही वाढवली. गल्लीगल्लीतली पोरे चाकूशिवाय, नुसत्या रिकाम्या मुठीने तो प्रसंग करू लागली. पडद्यावर चाकू उघडल्याचा आवाज मुद्दाम मोठा करून ऐकवला जाई. प्रेक्षक पात्याआधी आवाजाला घाबरायला शिकला.

पुढे पंटरांना नावे मिळाली, गळ्यात रुमाल आला, कधी ताईत आला, डोळ्यांत सुरमा आला, तोंडी उर्दू शब्द आले. कुणी ठरवून केले असे म्हणायचे नाही. पण शहरांतल्या दंगलींनंतर ज्यांनी आपला शेजार फक्त पडद्यावरून ओळखला, त्यांच्या मनात तो माणूस, ते नाव आणि तो आवाज एकत्र गोठला. सुटीत किल्ल्यावर गेलेल्या कॉलेजच्या मुलाच्या हातात लाल मुठीचा स्विस चाकू असला, तर ती हौस. त्या चाकूचे पाते, करवत, बूच काढण्याचे मळसूत्र तो दिवसभर उघडत-मिटत बसला, तरी तो चाळाच. १८९७ मध्ये पेटंट घेतलेला तो चाकूही मुळात सैन्यासाठी बनला होता, हे कुणाच्या मनात येत नाही. मोहल्ल्याच्या नाक्यावरच्या मुलाच्या हातात पितळी मुठीचा चाकू दिसला की ते चाळे. एकवचनाचे अनेकवचन झाले.

याची किंमत कुणी दिली? चाकू परजणाऱ्यांनी फारशी दिली नाही. त्यांच्या हाती पुढे गावठी कट्टे आले, पिस्तुले आली. किंमत दिली ती कारागिरांनी. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आली आणि रामपूरच्या चाकूबाजारातली एकेक भट्टी थंडावत गेली. यंत्रावर निघालेले स्वस्त चाकू बाहेरून आले. मुलांनी दुसरी कामे धरली. या कारागिरांपैकी कितीजणांनी आयुष्यात कुणावर पाते उगारले असेल? कानस धरणाऱ्याचा दिवस कानशीत जातो. पण त्याच्या गावाचे नाव गुन्ह्याच्या बातमीत नामासारखे वापरले जाते : ‘रामपुरी जप्त’. पकडलेला चाकू दुसरीकडेच बनलेला असला तरी नाव रामपूरचेच.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला दूर जायला नको. आपल्याकडे शिकलगार आहेत. अरबीत ‘सैकल’ म्हणजे झिलई, लखलखीत करणे. त्यावरून सैकलगर, त्यावरून शिकलगार. तलवारींना धार आणि चमक देणारे हे लोक. तलवारी गेल्या तसे ते विळे, कोयते, कात्र्या, अडकित्ते यांच्याकडे वळले. शिकलगार मुसलमान आहेत, हिंदू आहेत, आणि सिकलीगर या नावाने शीखही आहेत. पात्याला धर्म नसतो हे ज्यांच्या जमातीच्या नावातच दिसते, असे हे लोक. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. खांद्यावर किंवा सायकलवर सहाण घेऊन हिंडणारा धारवाला अनोळखी वस्तीत शिरला की त्याच्या पिशवीतल्या लोखंडाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे त्याला विचारावे. रामपूरच्या कारागिराला सोसावी लागली ती नजर याच जातीची.

मग या नजरेला उत्तर काय? एक उत्तर नाटक-सिनेमानेच देऊन ठेवले आहे. न्यूयॉर्कने चाकूवर बंदी घातली त्याच १९५४ मध्ये रेजिनाल्ड रोझ यांचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ टेलिव्हिजनवर सादर झाले. १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी त्यावर चित्रपट केला. आपल्याकडे बासू चॅटर्जी यांनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने ते हिंदीत आणले, आणि त्यावेळी घराघरांत ते पाहिले गेले. झोपडपट्टीतल्या एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. पुरावा आहे खटक्याचा चाकू. असा चाकू दुर्मीळ आहे, म्हणून तो याच मुलाचा, असे बहुतेक पंचांचे मत. तेव्हा एक पंच हुबेहूब तसाच चाकू खिशातून काढून टेबलावर रोवतो. तो त्याने मुलाच्याच वस्तीतल्या दुकानातून विकत आणलेला असतो. दुर्मीळपणाचा मुद्दा तिथेच संपतो.

त्याहून मोलाचा प्रसंग पुढचा. घाव वरून खाली झालेला आहे. बाप उंच, मुलगा बुटका. मग मुलाने हात उंचावून वार कसा केला असेल, याची पंच हातवारे करून चर्चा करताहेत. आजवर गप्प बसलेला एक पंच उठतो. तो स्वतः गलिच्छ वस्तीत वाढलेला आहे आणि हे सांगायची त्याला लाज वाटत आली आहे. तो चाकू हातात घेतो, उघडतो आणि दाखवतो : ज्याच्या हाताला या चाकूची सवय आहे तो मूठ अशी धरतो, पाते वर उघडते आणि वार खालून वर जातो. वरून खाली मारायचे तर मूठ उलटी करावी लागेल, आणि सराईत हात तेवढा वेळ दवडणार नाही. आरोपी मुलाचा हात सराईत आहे, यावर तर सगळ्यांचे एकमत असते. म्हणजे ज्या सवयीमुळे त्याला गुन्हेगार ठरवले जात होते, तीच सवय त्याच्या बाजूने साक्ष देते. पण ती साक्ष वाचता येण्यासाठी टेबलाशी एक असा माणूस असावा लागला, ज्याने ती वस्ती आतून पाहिली होती आणि जो तोंड उघडायला तयार झाला.

मला या सगळ्या इतिहासाचे सार इथे दिसते. खोलीतले बाकीचे पंच दुष्ट नाहीत. त्यांना माहिती नाही. त्यांनी चाकूची भीती बाळगली आहे, चाकू हाताळलेला नाही. ज्याने हाताळलेला पाहिला, तो लाजेने गप्प होता. आपल्या समाजातल्या शिकलेल्यांनीही असेच केले आहे. मोहल्ल्यातून बाहेर पडलेला माणूस कचेरीत, कॉलेजात, साहित्य संमेलनात मोहल्ल्याचा विषय निघाला की विषय बदलतो. नाक्यावरच्या पोराच्या हातात चाळा कोणता आणि चाळे कोणते, हे त्याला पाहताक्षणी कळते. बेकार पोराचा हात कशासाठी चुळबुळतो, कोण नुसती ऐट करतो आणि कोण खरोखर वाया चालला आहे, हे पोलिसाआधी त्याला ठाऊक असते. दोन्ही खरे बोलण्याची जबाबदारी त्याची आहे. ऐट करणाऱ्याला गुन्हेगार ठरवले जात असेल तर तसे नाही म्हणून सांगायचे, आणि वाया जाणाऱ्याला वेळीच ‘छुरी मिटव’ म्हणून दटावायचेही. यातले पहिले टाळले तर पोरगा तुरुंगात जातो, दुसरे टाळले तर कबरस्तानात.

रामपूरच्या कथेला अलीकडे एक नवे पान जोडले गेले. मार्च २०२३ मध्ये शहरातल्या एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा पितळ आणि पोलादाचा भव्य रामपुरी उभारण्यात आला. जगातला सर्वांत मोठा चाकू, असा त्याचा बोलबाला झाला, त्याच्या अनावरणाचे फोटो देशभर छापून आले आणि त्या जागेला चाकू चौक म्हणू लागले. ज्या शहराला चाकूच्या नावाने हिणवले, त्यानेच तो अभिमानाने चौकात उभा केला, यात एक प्रकारची हिंमत आहे. कारागिरांनाही त्यातून थोडी आशा वाटली असेल. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा चाकू कायमचा उघडा आहे. तो मिटत नाही, खिशात जात नाही, फळ कापत नाही, बोरू तासत नाही. त्याला खटका नाही आणि हातही नाही. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

त्या चौकापासून थोड्याच अंतरावर, किल्ल्याच्या आवारात, रझा लायब्ररीत कातिबांनी लिहिलेली ती हजारो पाने आहेत. त्यांतली नस्तालीकची प्रत्येक ओळ लिहिताना कुणीतरी मधेच थांबून कलम तासले होते. ते पातेही रामपूरच्या वारशातलेच आहे. चौकातला चाकू पाहायला जाणाऱ्याला त्या पात्याचीही ओळख करून द्यायची असेल, तर ते काम सरकारी शिल्प करणार नाही. ते लिहिणाऱ्यांनाच करावे लागेल.